विश्लेषण : रात्रभर चार्जिंगला लावूनही ई-रिक्षाची बॅटरी अपुरी का भरते? वायरची जाडी आणि मार्ग इतका महत्त्वाचा का?

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या उत्तर नागपुरातील जरीपटक्यासारख्या दाट वस्तीत ई-रिक्षा बहुतेक वेळा घरासमोर उभी राहते आणि तिथेच चार्ज होते. चार्जर घरात, रिक्षा बाहेर आणि मध्ये दाराच्या फटीतून काढलेली वायर. सकाळी बॅटरी अर्धवट भरलेली दिसली की चालक बॅटरीला दोष देतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा त्या वायरीत असतो. तीच वायर तापली, तर प्रकरण आगीपर्यंतही जाऊ शकते.

ई-रिक्षाचे चार्जिंग कसे चालते?

२०१५च्या दुरुस्तीने ई-रिक्षाला मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेच्या या वाहनात अजूनही अनेक ठिकाणी १२ व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यांची बेरीज ४८ व्होल्ट होते. चार्जर घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन ती बॅटरीला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसी विजेत बदलतो. साधारण १५ अॅम्पिअरच्या चार्जरला पूर्ण चार्जिंगसाठी आठ ते दहा तास लागतात. म्हणजे या वायरी रोज रात्रभर भार वाहतात.

वायरीच्या दोन बाजूंत फरक काय?

सगळा मुद्दा इथेच आहे. चार्जरपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीतून १५ अॅम्पिअर वाहतात. भिंतीतील सॉकेटपासून चार्जरपर्यंतच्या वायरीतून मात्र तेवढ्याच कामासाठी जेमतेम साडेचार ते पाच अॅम्पिअर जातात, कारण तिथे व्होल्ट जास्त असतात. वायरीत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट तिप्पट झाला, तर त्याच वायरीत उष्णता नऊपट होते.

उदाहरण पाहू. तापलेल्या अवस्थेत १ स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२ ओहम धरता येतो. चार्जर आणि रिक्षा यांत १० मीटर अंतर असेल, तर वीज जाऊन परत येते म्हणून तारेची लांबी २० मीटर होते. दुकानात ‘दीडची’ म्हणून मिळणारी १.५ स्क्वेअर एमएमची वायर डीसी बाजूला वापरली, तर १५ अॅम्पिअरला ४ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ६० वॉटची उष्णता तयार होते. हीच वायर २३० व्होल्टच्या बाजूला वापरली, तर गळती सव्वा व्होल्टच्या आसपास आणि उष्णता पाच-सहा वॉट.

चार व्होल्ट गळाल्याने बॅटरीचे काय बिघडते?

चार्जर स्वतःच्या टोकाशी व्होल्ट मोजतो. वायरीत ४ व्होल्ट अडकले, की बॅटरी ठरलेल्या पातळीला आली असे समजून तो करंट वेळेआधीच कमी करू लागतो. करंट कमी झाला की गळतीही घटते, त्यामुळे बॅटरी शेवटी भरते, पण फार उशिरा. पहाटे सहाला रिक्षा काढावी लागत असेल, तर ती रोज थोडी उपाशीच निघते. लेड-अॅसिड बॅटरी सतत अपुरी भरली, तर तिच्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होत जातो. तिची क्षमता घटते आणि चालकाच्या दिवसभराच्या फेऱ्या कमी होतात.

मग वायर कोणती आणि किती लांब?

सूत्र सोपे आहे : लांबी हवी असेल तर ती २३० व्होल्टच्या बाजूला, जाडी हवी ती ४८ व्होल्टच्या बाजूला. चार्जर रिक्षाजवळ ठेवून डीसी वायर दोन मीटरपर्यंत राखली आणि ती ‘चारची’ घेतली, तर गळती जेमतेम ०.३ व्होल्ट राहते. पाऊस किंवा चोरीच्या भीतीने चार्जर घरातच ठेवायचा असेल आणि अंतर दहा मीटर असेल, तर डीसी बाजूला ‘दहाची’ वायर लागते. त्यापेक्षा हवा खेळेल अशी, कुलूप लागणारी, पावसापासून आडोशाची पेटी बहुधा स्वस्त पडते. ही पेटी बॅटऱ्यांच्या डोक्यावर मात्र नको. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जिंगच्या वेळी सीट उघडी ठेवावी.

सॉकेटच्या बाजूला आयएसआय चिन्ह असलेली, अर्थिंगसह तीन तारांची किमान दीडची केबल हवी. तासन्तास पाच अॅम्पिअर ओढायचे असल्याने ६ अॅम्पिअरच्या सॉकेटऐवजी १६ अॅम्पिअरचे सॉकेट बरे. त्या लाइनवर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी असेल, तर ओल्या अंगणात शॉक लागल्यास पुरवठा क्षणात तुटतो.

वायर न्यायची कशी?

दाराच्या फटीत चेपलेली, लोखंडी पत्र्याच्या धारेवरून वाकवलेली किंवा गुंडाळी करून ठेवलेली वायर सर्वांत धोकादायक. गुंडाळीतील उष्णता बाहेर पडत नाही. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात आवरण आधीच तापलेले असते. पत्र्यातून वायर नेताना छिद्रात रबरी बूच बसवावे. वायर मोटर आणि कंट्रोलरपासून दूर ठेवावी आणि ठिकठिकाणी पट्टीने बांधावी, म्हणजे धक्क्यांनी घासणार नाही.

जोडही तितकेच महत्त्वाचे. पिळून टेप लावलेल्या सैल जोडाचा रोध ०.१ ओहम असला, तरी १५ अॅम्पिअरला त्या एका बिंदूवर सुमारे २२ वॉट उष्णता साठते. घरगुती सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॉटची असते. म्हणून टोकाला दाबून बसवलेले लग हवेत. चार्जिंगच्या तासाभराने जोडाजवळच्या आवरणाला हात लावून पाहावे. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवावे.

फ्यूज कुठे बसवायचा?

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो आणि शॉर्ट झाल्यास शेकडो अॅम्पिअर बॅटरीकडूनच येतात. १५ अॅम्पिअरचा चार्जर आणि चारची वायर असेल, तर २० अॅम्पिअरचा फ्यूज योग्य. मोटारीतील साधे पात्याचे फ्यूज मात्र बहुधा ३२ व्होल्टसाठी बनवलेले असतात. चार्जिंगच्या शेवटी ई-रिक्षाची बॅटरी ५८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे तेवढ्या डीसी व्होल्टचा फ्यूज मागून घ्यावा. प्लग लावताना आधी बॅटरीचा, मग भिंतीतील स्विच. काढताना उलट. त्यामुळे हायड्रोजनच्या जवळ ठिणगी उडत नाही.

हा नियम फक्त ई-रिक्षापुरता आहे का?

नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा फिरत्या घरांतील दिवे, पंखे सहसा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. तेवढ्याच वॉटसाठी तिथे ४८ व्होल्टच्या चौपट करंट लागतो आणि त्याच वायरीत उष्णता सोळापट होते. म्हणून तिथेही चार्जर बॅटरीशेजारी बसवतात आणि लांब वायर २३० व्होल्टची ठेवतात. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी त्याच्या पायाशीच का असते, याचेही उत्तर हेच आहे.