कुत्र्याच्या पिल्लाचा ‘पार्व्हो’ आणि आपली शुश्रूषा

कुत्रा हा मनुष्याचा फार जुना सोबती होय. आपल्या कोल्हापूर प्रांतीं मेंढरांच्या कळपामागें चालणारा धनगराचा कुत्रा, मळ्यांतील वस्तीची राखण करणारा कुत्रा आणि शहरांतील बंगल्यांत गादीवर निजणारें विलायती जातीचें पिल्लूं, या तिघांची राहणी भिन्न असली तरी त्यांचा एक शत्रु समान आहे. त्या रोगास पार्व्हो असें म्हणतात. आमचे पुष्कळ विद्यार्थी घरीं पिल्लें पाळतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचीं पिल्लें तीन-चार महिन्यांचीं होतात न होतात तोंच हगवण लागून दगावतात. हा मृत्यु पुष्कळ वेळां टाळतां येण्याजोगा असतो. यास्तव हा रोग काय आहे, तो कसा मारतो आणि आपणांस काय करतां येईल, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरांतील वडील माणसें म्हणतात कीं, आमच्या लहानपणीं कुत्रीं अशीं पटापट मरत नव्हतीं. यांत तथ्य आहे. १९७८ च्या पूर्वीं हा रोग कोणास ठाऊक नव्हता. मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशीं निकटचें नातें असलेला हा विषाणु त्या सुमारास कुत्र्यांत आढळला, आणि दोन वर्षांच्या आंत तो जगभर पसरला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डॉ. लेलंड कार्मायकेल व डॉ. मॅक्स अॅपल यांनीं त्याचा अभ्यास केला व त्यावर लस तयार केली. भारतांतही १९८० नंतर लवकरच हा रोग दिसूं लागला. म्हणजे आजोबांच्या आठवणींतले उपाय ह्या रोगास लागू पडले नाहींत, तर त्यांत नवल नाहीं. त्यांच्या लहानपणीं हा शत्रूच नव्हता.

पिल्लाच्या आंतड्यास आंतून बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्न व पाणी शोषून घेण्याचें काम ते करितात. त्यांवरील पेशी थोड्याच दिवसांत झिजून जातात, आणि अंकुरांच्या बुडाशीं असलेल्या खांचांत नव्या पेशी तयार होऊन त्यांची जागा भरून काढितात. पन्हाळ्याकडील किंवा गगनबावड्याकडील विद्यार्थ्यांस हें सहज समजेल. शेतांत उभीं असलेलीं भाताचीं रोपें म्हणजे हे अंकुर, आणि ज्या वाफ्यांत तरवा वाढवितात ते वाफे म्हणजे ह्या खांचा. पार्व्होचा विषाणु नेमका तरव्यावर पडतो; कारण जेथें पेशी भराभर वाढतात तेथेंच त्याचीही वाढ होते. जुनीं रोपें गेलीं, लावावयास नवीं नाहींत, म्हणजे शेत उघडें पडतें. अशा उघड्या आंतड्यांतून रक्त व पाणी झिरपून बाहेर जातें आणि पोटांतील जंतु उलट रक्तांत शिरतात. त्याच वेळीं अस्थिमज्जेवरही विषाणूचा घाला पडल्यामुळें जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. पिल्लूं मरतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार आटल्यानें, किंवा रक्तांत जंतु पसरल्यानें.

संसर्ग झाल्यावर सामान्यतः तीन ते सात दिवसांनीं लक्षणें दिसूं लागतात. प्रथम पिल्लूं मलूल होतें व अन्नास तोंड लावीत नाहीं. मग ओकाऱ्या सुरू होतात, आणि लवकरच दुर्गंधियुक्त, पातळ व पुष्कळदां रक्तमिश्रित जुलाब होतात. मानेमागील कातडी चिमटींत धरून सोडली असतां ती तत्काळ पूर्ववत् बसली नाहीं, हिरड्या कोरड्या व फिक्कट दिसल्या, डोळे खोल गेले, तर पाणी आटत चाललें आहे असें समजावें. प्रत्येक ओकारी म्हणजे पार्व्हो नव्हे. जंत झाल्यानें किंवा हाड अडकल्यानेंही पिल्लूं ओकतें. परंतु हा भेद घरीं बसून करतां येत नाहीं. पशुवैद्य विष्ठेची लहानशी चांचणी घेऊन थोड्या मिनिटांत तो सांगूं शकतात. उपचार न मिळाल्यास शंभरांतील नव्वदांपर्यंत पिल्लें दगावूं शकतात, आणि बहुतेक मृत्यु लक्षणें दिसल्यापासून दोन-तीन दिवसांतच होतात. म्हणून उद्यां पाहूं असें म्हणण्याची ही वेळ नव्हे. जनावरास दवाखान्यांत नेणें ही कांहीं नवी चैनही नव्हे. मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ १८८३ सालींच स्थापन झालें आहे.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. नेहमींच्या उपचारांत ज्या औषधांचा उपयोग होतो त्यांतील एकही ह्या विषाणूस मारीत नाहीं. विषाणूस हटवितें तें पिल्लाचें स्वतःचेंच शरीर, आणि त्यासाठीं त्यास सुमारें आठवडाभर अवधि लागतो. तेवढ्या अवधींत तरवा पुन्हा रुजतो. तोंपर्यंत पिल्लास जगवून ठेवणें हेंच वैद्याचें व आपलें काम. त्यासाठीं शिरेंतून क्षारयुक्त पाणी देतात, ओकारी थांबविणारें औषध देतात, आणि रक्तांत शिरणाऱ्या जंतूंसाठीं जंतुनाशक सुया टोंचतात.

माणसांच्या पटकीचेंही असेंच आहे. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी पुरेना, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर यांचें योग्य प्रमाणांत केलेलें पाणी तोंडानें पाजून हजारों जीव वांचविले. रोगी पाणी आटल्यानें मरतो, तर तें पाणी भरून काढावें, हें तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. तथापि पार्व्होंत सारखी ओकारी होत असतांना तोंडानें पाजलेलें पाणी पोटांत ठरत नाहीं. बळेंच ओतल्यास तें श्वासनलिकेंत जाऊन फुफ्फुसास सूज येण्याचें भय असतें. म्हणून ओकारी थांबेपर्यंत पाणी सुईनेंच द्यावें लागतें.

कित्येक पालकांस दवाखान्यांत पिल्लूं ठेवण्याचा खर्च झेपत नाहीं. त्यांनीं आशा सोडूं नये. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इस्पितळांत ठेवलेल्या पिल्लांपैकीं शेंकडा ९० वांचलीं. दुसऱ्या गटास प्रथम शिरेंतून पाणी देऊन स्थिर केलें व पुढें कातडीखालीं पाणी आणि रोजच्या सुया यांवर ठेवलें. त्यांतलीं शेंकडा ८० वांचलीं. वैद्यास आपली परिस्थिति मोकळेपणानें सांगावी, आणि रोज पिल्लूं नेऊन घरीं शुश्रूषा करण्याचा मार्ग आहे काय, हें विचारावें.

घरच्या शुश्रूषेंत पुढील गोष्टी पाळाव्या. पिल्लूं उबदार, कोरड्या जागीं निजवावें व घाण होतांच अंथरूण बदलावें. माणसांच्या तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या देऊं नयेत. त्यांतील कांहीं कुत्र्यास विषासमान आहेत. दूध देऊं नये. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या गांवास हें कठीण वाटेल, परंतु सोललेल्या आंतड्यास दूध पचत नाहीं व जुलाब वाढतात. तांबडा रस्सा, हाडें व मसाल्याचें उष्टें अन्नही पुष्कळ दिवस वर्ज्य समजावें. मात्र पिल्लास फार काळ उपाशीही ठेवूं नये. पूर्वीं असा उपवास घडवीत असत. परंतु दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथील वैद्यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, पहिल्या दिवसापासून नळीनें थोडथोडें अन्न दिलेलीं पिल्लें लवकर सुधारतात. तेव्हां वैद्यानें सांगतांच, उकडून बारीक केलेली बिनमसाल्याची कोंबडी व मऊ भात चमचा-दोन चमचे, दिवसांतून पुष्कळ वेळां द्यावा.

गेल्या वर्षीं आमच्या नववींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजारी पिल्लाची वही ठेविली होती. किती वाजतां ओकारी झाली, जुलाबांत रक्त होतें काय, मूत्र झालें काय, किती चमचे अन्न ठरलें, हें सर्व तो लिहून काढी व रोज वैद्यास दाखवी. तिसऱ्या दिवशीं ओकारी थांबली, पांचव्या दिवशीं पिल्लानें आपणहून वाटींत तोंड घातलें. त्याच गल्लींतील दुसऱ्या घरीं चौथ्या दिवसापर्यंत हळद-ताक चाललें होतें, आणि तेथलें पिल्लूं गेलें. वहीनें रोग बरा झाला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वेळीं नेल्यानें व नीट पाहिल्यानें वैद्यास योग्य तो निर्णय करतां आला.

एक पिल्लूं बरें झालें तरी शेजारचीं पिल्लें आहेतच. हा विषाणु विष्ठेंतून बाहेर पडतो आणि मातींत कित्येक महिने, कधीं वर्षभरही जिवंत राहतो. आपल्या चपलांवरून तो दुसऱ्या अंगणांत जातो. माणसास तो बाधत नाहीं, परंतु माणूस त्याचें वाहन होतो. साध्या साबणानें तो मरत नाहीं. फरशी प्रथम धुवून घ्यावी. मग कपडे शुभ्र करण्याच्या ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यांत मिसळून तें दहा मिनिटें फरशीवर राहूं द्यावें. मातीचें अंगण असें शुद्ध करतां येत नाहीं, म्हणून तेथें लस पुरी न झालेलें नवें पिल्लूं वर्षभर आणूं नये. बरें झालेलें पिल्लूंही निदान दोन आठवडे, शक्य तर महिनाभर, इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावें.

या सर्व कष्टांपेक्षां लस टोंचणें सोपें व स्वस्त आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत द्यावी आणि पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत देत जावें. एकच सुई पुरत नाहीं, कारण आईच्या दुधांतून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यें लसीचा परिणाम होऊं देत नाहींत, आणि तीं केव्हां ओसरतील याचा नेम नसतो. वर्षानें पुन्हा एकदां लस द्यावी. हीं टोंचणीं पुरीं होईतों पिल्लास रंकाळ्यावर फिरावयास नेऊं नये.

पवित्र शास्त्रांत नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहणें हें नीतिमानाचें लक्षण मानिलें आहे. ही काळजी सुट्टीच्या दिवशीं कुरवाळण्यानें पुरी होत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आज घरीं जाऊन आपल्या पिल्लाचें लसीचें कार्ड पाहावें, तारीख चुकली असल्यास वडिलांस सांगावें. आणि पालकांनींही त्यांचें म्हणणें मनावर घ्यावें, अशी आमची विनंति आहे.