कपाटातील पुस्तकांचा हिशोब

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपली माणसे पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात. परतीच्या भाड्याचे पैसे जपून ठेवलेला माणूसही एखादे पुस्तक घेतल्याशिवाय माघारी जात नाही. याचा आम्हाला अभिमान आहे. पण घरी आल्यावर त्या पुस्तकाचे काय होते, असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय?

आम्ही तो विचारला एका मुलामुळे. विहारातील वाचनालयाचे काम आमच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात वस्तीतील बारावीत शिकणारा एक मुलगा आला आणि म्हणाला, "काका, बाबासाहेबांचं आधी कोणतं पुस्तक वाचू?" आम्ही कपाटातील सर्वांत जाड खंड काढून त्याच्या हाती दिला. आठ दिवसांनी त्याने तो परत आणला. "समजत नाही काका," एवढेच बोलला आणि पुन्हा फिरकला नाही. चूक त्याची नव्हती. तो खंड आम्ही स्वतःसुद्धा पुरा वाचलेला नव्हता.

त्या रात्री घरचे कपाट उघडले. आम्ही नोकरीने कारकून, शिक्षणाने बी. कॉम., म्हणजे हिशोब मांडण्याची सवय. वहीत दोन रकाने आखले. एकात विकत घेतलेली पुस्तके, दुसऱ्यात शेवटच्या पानापर्यंत वाचलेली. पहिल्यात ७२ भरली, दुसऱ्यात १९! सभेत उभे राहून लोकांना वाचनाचे महत्त्व सांगणाऱ्याचा हा ताळेबंद. आम्हाला लाज वाटली.

घरात जागा नाही, कामावरून आल्यावर अंगात त्राण राहत नाही, ही आपली नेहमीची कारणे. ती खोटी नाहीत. पण शाळकरी भीमराव परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. सारे कुटुंब तिथेच. वडील रामजीबाबा त्यांना लवकर झोपायला लावीत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवीत. सगळे घर निजलेले असताना त्यांचा अभ्यास चाले. वेळ त्यांना कोणी दिला नव्हता, बापलेकांनी तो काढला होता.

आणखी एक गोष्ट. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींच्या नजरेस पडला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आपण काय देत आहोत आणि कोणाला, हे गुरुजी जाणून होते. आम्ही मात्र त्या मुलाला ओझे दिले.

म्हणून वाचनाला पायऱ्या असाव्यात, असे आमचे मत झाले आहे. पहिली पायरी आत्मकथनांची. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), शांताबाई कांबळे यांचे 'माझ्या जल्माची चित्तरकथा', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. यांतली माणसे आपल्या आजी-आजोबांसारखी बोलतात, त्यामुळे वाचणारा अडखळत नाही. दुसरी पायरी चरित्राची. धनंजय कीर यांनी लिहिलेले एका ग्रंथात मिळते. चांगदेव खैरमोडे यांचे अनेक खंडांचे आहे. तिसरी पायरी बाबासाहेबांच्या मराठी भाषणांची. महाराष्ट्र शासनाने अठराव्या खंडाच्या तीन भागांत ती २००२ साली छापली. कष्टकरी माणसांसमोर केलेली ही भाषणे आहेत, ती आपल्यालाही समजतात.

चौथ्या पायरीवर जातिनिर्मूलनावरील १९३६ चे भाषण घ्यावे. लाहोरच्या मंडळाने संमेलनच रद्द केले, म्हणून ते बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. एवढा इतिहास ठाऊक असला की वाचताना मन लागते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मात्र कोणत्याही पायरीची वाट न पाहता रोज थोडा वाचावा. त्याची मांडणीच छोट्या छोट्या प्रकरणांची आहे.

पद्धत साधी ठेवावी. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि एकच खोली असेल तर फळीवर ठेवावा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. म्हणजे अक्षर न येणारी आजीही वाचकच होते. जवळ पेन्सिल असावी. अडलेला शब्द वहीत लिहावा आणि रविवारी विहारात विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. एखादे पुस्तक पन्नास पानांनंतरही पकड घेत नसेल तर बाजूला ठेवावे, वर्षाने पुन्हा उघडावे.

ज्यांना लिहायची ओढ आहे त्यांनी बेबीताईंचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचीत. लिहिलेले कागद त्यांनी वीस वर्षे घरात लपवून ठेवले. आपण निदान आपल्या आजीची एक आठवण गाव आणि साल घालून वहीत उतरवू शकतो. ती गेल्यावर सांगणार कोण?

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आधी माफी मागितली, मग शांताबाईंचे पुस्तक दिले. मुलगा काही बोलला नाही. आतून त्याची आजी म्हणाली, "बाळा, जरा मोठ्यानं वाच, मला बी ऐकू दे." त्याने दोन पाने वाचली आणि आजीने त्याला थांबवून आपल्या लहानपणची एक हकीकत सांगितली. आम्ही त्याला म्हटले, "ही लिहून ठेव."

आमच्या वहीत दुसऱ्या रकान्याचा आकडा आता २३ झाला आहे. वाचकहो, या रविवारी आपलेही कपाट उघडा, दोन रकाने आखा आणि खरा आकडा मांडा. जयभीम!