दोन कार्ब्युरेटर आणि एक कान

सुमारे सत्तर वर्षांची एमजीए स्पोर्ट्स कार पुण्याहून गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला ट्रकवर लादून नव्हे, स्वतःच्या चाकांवर जाणार, असं कळताच संपादकांनी मला कोल्हापूरला धाडलं. आंबोली घाट उतरण्याआधीची शेवटची तपासणी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात व्हायची होती. मागणी गाडीवरच्या लेखाची होती. तिथे मी रमलो ते बॉनेटखालच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांत आणि त्यांच्यावर वाकलेल्या मिस्त्रींच्या हातांत.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाहून अधिक एमजीए बनल्या आणि बहुतेक सगळ्या परदेशी गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. १९५९ मध्ये याच घराण्यातलं, याच मापाचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये आलं आणि पुढे तीनेक दशकं इथल्या रस्त्यांवर फिरलं. ॲम्बॅसडरला एक एसयू, एमजीएला दोन, एवढा मुख्य फरक. म्हणूनच आयुष्यभर टॅक्स्या आणि सरकारी गाड्या उघडलेल्या मिस्त्रींना ही परदेशी पाहुणी ओळखीची वाटली. “इंजिन आपलंच हाय की,” एवढंच म्हणून त्यांनी बाह्या सारल्या.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. पादत्राणांच्या धंद्यातल्या स्किनर कुटुंबातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनरची ही कल्पना. सुरुवातीच्या रचनेत चामड्याचा भाता होता, पुढे त्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने कंपनी विकत घेतली आणि एमजीसह मॉरिसच्या गाड्यांशी एसयूचं नातं पक्कं झालं.

या कार्ब्युरेटरची अक्कल साधी आणि खोल आहे. घुमटासारख्या टोपीखाली एक पिस्टन असतो. इंजिनाने हवा ओढली की घुमटात निर्वात वाढतो आणि पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाला निमुळती सुई असते आणि ती जेटमध्ये खालीवर होते. हवा जास्त, तर सुई वर आणि पेट्रोल जास्त. हवा कमी, तर सुई खाली आणि पेट्रोल कमी. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून घुमटातल्या नळीत थोडं पातळ तेल घालतात. एक पिस्टन, एक सुई आणि एक जेट एवढ्या ऐवजावर इंजिनाची भूक क्षणोक्षणी मोजली जाते. सुईचा उतार मात्र इंचाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो.

मिस्त्रींनी दोन्ही घुमट उतरवले आणि वेगवेगळ्या फडक्यांवर ठेवले. पिस्टन आणि घुमट ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते, अदलाबदल चालत नाही. पुसून बसवल्यावर त्यांनी पिस्टन बोटाने उचलून सोडला. खाली टेकताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे सुई जेटच्या बरोबर मध्ये आहे. मग इंजिन सुरू करून रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं. दोन्हीकडची सूं-सूं एकसारखी होईपर्यंत ते स्क्रू फिरवत राहिले. शेवटी पिस्टन केसभर उचलून पाहिला. इंजिन क्षणभर चढलं आणि पुन्हा ठिकाणावर आलं. चढून तसंच राहिलं असतं तर मिश्रणात पेट्रोल जास्त, गळाठलं असतं तर कमी. संगणक नाही, दिवा नाही. असं काम जवळून पाहणं मला भाग्याचं वाटतं.

खरी काळजी पुढच्या वाटेची होती. या एमजीएला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत. आंबोलीच्या उतारावर ते सतत दाबले तर तापतात आणि धरेनासे होतात, म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरायचं. परतीच्या चढावर संकट उलटं. या इंजिनात एक्झॉस्टचा तापलेला नळ कार्ब्युरेटरांच्या खालूनच जातो. एखाद्या ट्रकमागे रांगत चढताना पेट्रोल वाटेतच उकळतं, त्याची वाफ होते आणि इंजिन मुकं होतं. तेव्हा बॉनेट उघडून वाट पाहणं हाच उपाय. मागच्या बाजूला असलेल्या विजेच्या पेट्रोल पंपाची टकटकही ऐकत राहावी लागते, कारण त्याचे पॉइंट चिकटले की पुरवठा तुटतो.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबराला आणि कॉर्कला ते मानवत नाही. ते स्वतः प्राणवायू बाळगून असल्याने मिश्रणही पातळ पडतं. मिस्त्रींनी सगळ्या नळ्या बदलल्या आणि जेटचं नट थोडं खाली घेतलं. १९५०च्या दशकातलं यंत्र आजच्या इंधनाशी असं पान्याने जुळवून घेतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अशी नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. नियमाचा हेतू समजतो. तरी उभ्या गाडीचं पेट्रोल चिकट होतं, सील सुकतात, ब्रेक जाम होतात. तिला लांब पल्ला हवाच. म्हणून रॅली चौकातल्या फेरीपुरत्या न ठेवता चांगल्या शेकडो किलोमीटरच्या असाव्यात. आणि तितकीच निकड आहे ती या मिस्त्रींच्या हाताखाली मुलं येण्याची. गॅरेजात आज शिकाऊ कोणी नाही. येणाऱ्या मुलांना स्कॅनर हवा असतो, आणि पोटासाठी ते बरोबरच आहे. गाडीचे सुटे भाग इंग्लंडहून अजून मागवता येतात, पण दोन कार्ब्युरेटरांची सूं-सूं जुळवणारा कान मागवता येणार नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबांनी रंगरंगोटीवरच्या खर्चातला थोडा भाग अशा एखाद्या शिकाऊच्या पगारासाठी बाजूला काढावा, आणि तो याच वर्षी.