संचालक मंडळातील ती एक खुर्ची

१९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा शेतकरी, कारागीर आणि लहान उद्योजक यांना आता कर्ज कसे मिळणार, याची चर्चा गावोगावी झाली. त्यामागोमाग १९७० साली आलेल्या कायद्याने आणि त्याखालील योजनेने आणखी एक गोष्ट केली. तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बँकेच्या संचालक मंडळावर एक संचालक कामगार-कर्मचाऱ्यांमधून घ्यावा, अशी ती तरतूद होती. दिवसभर काउंटरमागे बसून लेजरमध्ये नोंदी करणारा कारकून मुख्य कचेरीच्या सभागृहात अध्यक्षांसमोर बसेल आणि कोट्यवधींच्या कर्जप्रस्तावावर मत देईल, ही कल्पना काहींना क्रांतिकारक वाटली असेल, काहींना अनर्थकारक. प्रत्यक्षात क्रांती झाली नाही आणि अनर्थही ओढवला नाही. कामगार-संचालक आले, बसले, मुदत संपल्यावर उठून गेले. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले कारण नेमणुकीच्या पद्धतीतच दडलेले आहे. मान्यताप्राप्त संघटनेने तीन नावे सुचवावीत आणि त्यांतील एकाची नेमणूक केंद्र सरकारने करावी, अशी ही योजना. म्हणजे प्रतिनिधी कामगारांचा, पण नेमणूकपत्र सरकारचे. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. पद स्वीकारताना प्रत्येक संचालकाला निष्ठेची आणि गोपनीयतेची प्रतिज्ञा करावी लागते. बँकेच्या व्यवहाराचे स्वरूप पाहता ती योग्यच आहे. कोणाच्या खात्यात किती रक्कम आहे हे युनियनच्या सभेत सांगावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु शाखा बंद करण्याचा प्रस्ताव, नोकरभरती थांबवण्याचा विचार, कामे बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवण्याची योजना याही गोष्टी त्याच प्रतिज्ञेखाली झाकल्या गेल्या, तर त्या कारकुनाने काय करावयाचे? बोलला तर संचालक म्हणून अपराधी, गप्प राहिला तर सहकाऱ्यांच्या दृष्टीने फितूर! दहा-बारा जणांत तो एकटा; त्याचे मत विरोधी नोंदले जाते आणि ठराव संमत होतो.

कामगार चळवळीतील अनेक जुन्या कार्यकर्त्यांचा या कल्पनेला विरोध होता, तो याच कारणाने. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाने बसू नये, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटनमध्ये १९७७ साली बुलक समितीने मोठ्या कंपन्यांत भागधारक आणि कामगार यांना समान जागा द्याव्यात आणि उरलेल्या थोड्या जागा उभयपक्षांच्या संमतीने भराव्यात, असा अहवाल दिला. मालकांनी तो धुडकावला हे अपेक्षितच होते. पण मजूर संघटनांतही त्यावर एकमत झाले नाही आणि तो कागदावरच राहिला. अमेरिकेत १९८० साली डबघाईला आलेल्या क्रायस्लर कंपनीच्या संचालक मंडळावर मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना घेण्यात आले. तेव्हा कामगारांनी वेतनात मोठी सवलत दिली होती. खुर्ची मिळाली ती हक्क म्हणून नव्हे, तर त्या पडत्या काळाच्या सौद्याचा एक भाग म्हणून.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १९५१ च्या कायद्याने तेथील कोळसा व पोलाद उद्योगांतील मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर मालक आणि कामगार यांना समसमान जागा मिळाल्या आणि अकरावा सभासद तटस्थ ठेवण्यात आला. १९७६ च्या कायद्याने २,००० हून अधिक कामगार असलेल्या इतर कंपन्यांतही समसमान जागा आल्या. मात्र मते समान पडल्यास मालकपक्षाच्या अध्यक्षाला दुसरे मत देण्याची मुभा ठेवली. तेव्हा जर्मन कामगारालाही पूर्ण सत्ता मिळालेली नाही. परंतु तेथे वरच्या खुर्चीखाली एक भक्कम जिना आहे. कारखान्याकारखान्यात कामगारांनी निवडलेले मंडळ असते. कामाचे तास, जादा काम, कारखाना बंद पडल्यास कामगारांना द्यावयाची भरपाई, अशा बाबतींत त्या मंडळाला डावलून व्यवस्थापनाला पुढे जाता येत नाही. १०० हून अधिक कामगार असलेल्या कंपनीत तिची आर्थिक स्थिती कामगारांच्या समितीपुढे ठेवावी लागते. त्यामुळे वर बसलेला प्रतिनिधी एकटा पडत नाही. रूर खोऱ्यातील दगडी कोळशाच्या खाणी बंद होत जाण्याची प्रक्रिया साठ वर्षे चालली. शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बॉट्रॉप येथे बंद झाली. लवकर निवृत्ती, दुसऱ्या खाणीत बदली, नवे शिक्षण अशा मार्गांनी माणसे हळूहळू मोकळी झाली. सरकारी तिजोरीतून त्यासाठी प्रचंड पैसा गेला, हेही खरे.

आपल्याकडे असा जिना बांधण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्क्स कमिटीची तरतूद होती. पण बहुतेक ठिकाणी ती कँटीनमधील चहा आणि पंखे यांच्यापुढे गेली नाही. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम आले आणि व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्यधोरणाचे तत्त्व ठरले. १९९० मध्ये संसदेत विधेयक आले. त्याचा कायदा काही झाला नाही.

त्यातच प्रतिनिधी कोणाचा, हा प्रश्न सुटलेला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले, तेव्हा कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. त्या दिवसांत एखाद्या गिरणीच्या संचालक मंडळावर कामगारांची खुर्ची असती, तर तीवर नियमाप्रमाणे कोण बसले असते आणि गिरणगावाने त्याला आपला म्हटले असते काय?

बँकांकडे परत येऊ. २०१४ नंतर बहुतेक सरकारी बँकांत कामगार-संचालकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली. संघटनांनी निवेदने दिली, न्यायालयाची पायरीही चढली. देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली ती १ एप्रिल २०१९ रोजी; पुढच्याच वर्षी त्याच तारखेला दहा बँकांच्या चार झाल्या. कर्मचाऱ्यांच्या आयुष्यावर इतका परिणाम करणारे निर्णय दुसरे क्वचितच झाले असतील. आणि नेमक्या त्याच काळात ती खुर्ची बहुतेक ठिकाणी मोकळी होती. एकट्याच्या मताने विलीनीकरण थांबले नसते, हे मान्य. परंतु विरोध कार्यवृत्तात नोंदला गेला असता, आणि कागदावर नोंदलेल्या विरोधाला पुढे कधीतरी उत्तर द्यावे लागते.

म्हणून संघटनांनी केवळ रिकामी जागा भरा एवढीच मागणी करून थांबू नये. नाव सुचवण्याऐवजी गुप्त मतदानाने निवड व्हावी. गोपनीय काय, याची यादी आधी ठरावी; ग्राहकाचे खाते तीत असावे, शाखा बंद करण्याचा प्रस्ताव नसावा. आणि एक अवघड प्रश्न संघटनांना स्वतःलाच विचारावा लागेल. आज बँकेच्या दारातला रखवालदार, एटीएममध्ये नोटा भरणारा मुलगा आणि खेड्यात बँकेच्या नावाने व्यवहार करणारा प्रतिनिधी यांपैकी बहुतेक जण कंत्राटी आहेत. ते संघटनेच्या यादीत नसतात, तेव्हा मतदार म्हणूनही नसणार. कामगारांच्या नावाने वर जाणाऱ्या माणसाच्या निवडीत त्यांनाही मत असावे, असे ठरवण्याची तयारी किती युनियन दाखवतील?