सुटा भाग आणि सुटलेली जबाबदारी

मोटारीचा ब्रेक दुरुस्त करून घेण्यासाठी म्हापसा, मडगाव किंवा सावंतवाडीच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ दोहोंच्या किमतीत बरेच अंतर असते, रूपात मात्र नसते. गिऱ्हाईक क्षणभर घुटमळते, खिसा चाचपते आणि बहुधा ‘लोकल’ पत्करते. या साध्या व्यवहारात एका शब्दाचा अर्थ किती खालावला आहे, याचा विचार आम्ही फारसा करीत नाही. ‘लोकल’ म्हणजे स्थानिक, आपल्या भूमीत घडलेले. ते निकृष्टच असणार असे विकणाऱ्याने गृहीत धरावे आणि घेणाऱ्याने निमूटपणे मान्य करावे, ही अवस्था आमच्यावर का ओढवली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमची दृष्टी हैदराबादकडे वळते. निझामाच्या रेल्वेने 1932 साली रस्ता वाहतुकीचे खाते उघडले, तेव्हा त्याच्याकडे अवघ्या 27 बसगाड्या होत्या. पुढे 1942 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, सरकारी औद्योगिक निधी आणि एक खाजगी पेढी यांच्या भागीदारीतून ऑल्विनचा धातुकारखाना उभा राहिला. बसचे सांगाडे, शीतकपाटे, घड्याळे अशा नानाविध वस्तू त्याने घडविल्या. यंत्रे घडविणारी प्रागा टूल्स ही संस्था त्याच काळातली. 1968 साली बालानगर येथे केंद्रीय हत्यार-रचना संस्था संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झाली. सुटा भाग ज्या साच्यातून निघतो तो साचा कसा आखावा व कसा कोरावा, हे शिकविणे हे तिचे काम. आधी साचा उत्तम, मग माल उत्तम, हा क्रम त्या पिढीला ठाऊक होता. मराठवाडा 1956 पर्यंत याच हैदराबाद राज्याचा भाग होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा वारसा मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण उरत नाही.

पुढे काय झाले? ऑल्विनने जपानच्या निस्सानशी सहकार्य करून जहीराबादेत हलक्या मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. 1989 साली तो विभाग महिंद्र कंपनीकडे गेला. शीतकपाटांचा विभाग व्होल्टासकडे गेला, घड्याळे बंद पडली. जहीराबादचा कारखाना आजही चालू आहे, ही समाधानाची गोष्ट. पण मूळ संस्थेची ओळख आता वस्तीच्या नि चौकाच्या नावापुरती उरली आहे. ज्या शहरात पूर्वी पत्रा ठोकला जात होता, तेथे आज संगणकावर आकृत्या काढल्या जातात. ह्युंदाईचे अभियांत्रिकी केंद्र, जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे 2017 साली सुरू झालेले तंत्रज्ञान केंद्र, ही नावे हैदराबादच्या नव्या वैभवाची. आकृती हैदराबादेत, ओतकाम दुसऱ्या प्रांतात, जुळणी तिसऱ्या ठिकाणी आणि विक्री जगभर, अशी ही नवी रचना आहे. तिचा आम्ही तिरस्कार करीत नाही. परंतु जो भाग इतक्या हातांतून जातो, त्याच्या दोषाचा धनी कोण, हा प्रश्न या रचनेतून उद्भवतो आणि तोच महत्त्वाचा आहे.

जुने ते सारे सोने होते, असा आमचा दावा नाही. बंदिस्त बाजारपेठेत वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली मोटार गिऱ्हाइकाला पावसाळ्यात कितीदा रस्त्यात उभी करी, हे आमच्या वडीलधाऱ्यांना चांगले स्मरते. आजची गाडी एकंदरीत अधिक टिकते, कमी तेल पिते. पुण्याच्या भारत फोर्जचे घडीव भाग परदेशांतील वाहनांत बसतात. अर्थात हाताला कौशल्य नाही असे मुळीच नाही. घसरण होते ती शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर. मोठा कारखाना पुरवठादाराकडे दरवर्षी किंमत उतरविण्याची मागणी करतो, पुरवठादार ते ओझे आपल्याहून लहान कारखानदाराच्या माथी मारतो, आणि त्या बिचाऱ्याजवळ काटकसरीला जागा उरते ती तीनच ठिकाणी : धातूत, वेळेत आणि तपासणीत. झिजलेला साचा बदलण्याऐवजी आणखी काही हजार नग काढले जातात. दंतचक्राला भट्टीत जितका वेळ हवा तितका दिला जात नाही. वरून ते चक्र चकचकीतच दिसते. आतला कठीण थर पातळ राहिला आहे हे डोळ्यांना कळत नाही. ते कळते घाटात. अनमोड, चोर्ला वा आंबोलीच्या उतारावर भरलेली बस खाली येत असते, तेव्हा दुकानात वाचविलेल्या शंभर रुपयांचा हिशेब चुकता होतो.

‘परदेशी तेवढे उत्तम’ ही समजूतही तितकीच भाबडी आहे. जपानच्या ताकाता कंपनीच्या वायुपिशव्या जगातील नामांकित मोटारींत बसविल्या जात. त्या फुगविणाऱ्या नळकांड्यातील रसायन उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की बिघडे, आणि अपघाताच्या क्षणी नळकांडे फुटून धातूचे तुकडे बसणाऱ्याच्या अंगात घुसत. सुमारे 10 कोटी नळकांडी जगभरातून परत बोलवावी लागली, भारतातही होंडाने अनेक गाड्या परत घेऊन भाग बदलून दिले, आणि 2017 च्या जूनमध्ये ताकाताने दिवाळखोरी पत्करली. उष्ण आणि दमट हवा म्हणजे आमच्या किनाऱ्याचीच हवा! देश कोणता, यावर दर्जा ठरत नाही. तपासणी कोणी केली आणि दोष कळूनही कोण गप्प बसले, यावर तो ठरतो.

कायदा अगदीच निद्रिस्त आहे असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याची आज्ञा देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसविलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही नमुन्याची असोत, परत मागविता येतात. सुरक्षिततेस अत्यावश्यक म्हणून जाहीर झालेला भाग नियमबाह्य दर्जाचा विकल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दर नगामागे एक लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. परंतु कायद्याचे हे शस्त्र दुकानाच्या फळीपर्यंत पोचते काय? नकली खोके पकडण्यासाठी छापे पडतात ते क्वचित, आणि पडले तरी चार दिवसांनी सारे पूर्ववत होते.

गोमंतकाला हा विषय दूरचा नाही. सत्तरीतील होंडा गावी 1980 साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा या कंपनीत मोटारींचे पत्र्याचे भाग घडतात, भुईपालला बसगाड्या आकार घेतात, उसगावला टायर बनतात. येथील शेकडो घरांच्या चुली या उद्योगावर पेटतात. ‘लोकल’ या शब्दाची अप्रतिष्ठा ही म्हणूनच आमच्या पोरांच्या हातांची अप्रतिष्ठा आहे. सरकारने निविदा काढताना केवळ नीचतम दर पाहू नये. नमुन्यांची परीक्षा घेऊन मगच माल स्वीकारावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बालानगरच्या धर्तीवर साचेकामाचे खरे शिक्षण द्यावे. आणि ग्राहकानेही भागाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता पाहून, रीतसर पावती घेऊनच पैसे मोजावेत. ज्या मालावर बनविणाऱ्याला आपले नाव घालण्याची लाज वाटते, तो आपल्या लेकराबाळांच्या गाडीत का बसवावा?

खंडेनवमीला आम्ही वाहनाला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही श्रद्धा आम्हांला मान्य आहे. परंतु आयुधाची पूजा म्हणजे आयुध निर्दोष राखण्याचा संकल्प, हे विसरून केलेली पूजा उतारावर गाडी थांबवीत नाही. दुकानदाराने ‘ओरिजिनल की लोकल’ असे विचारताच, लोकल आहे म्हणूनच द्या, असे गिऱ्हाइकाने निःशंक मनाने सांगावे, तो दिवस आणणे आपल्याच हाती आहे.