सहा गावांतील माता आणि त्यांची मुले

भारतातील मधुमेहाचा विचार दीर्घकाळ शहरी सुबत्तेच्या संदर्भातच होत आला. बैठे काम, गोडधोड खाणे आणि सुटलेले पोट ही त्याची सर्वमान्य कारणे होती आणि खेड्यातील कृश, कष्टकरी माणूस या आजारापासून दूरच राहील असे गृहीत धरले जात असे. हे गृहीतक मुळापासून तपासून पाहणारे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेला हा अभ्यास मातेचा आहार, गर्भाची वाढ आणि त्या मुलाला पुढे होणारे आजार यांचा संबंध शोधतो.

या प्रश्नाची वैचारिक पार्श्वभूमी इंग्लंडमधील होती. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदींच्या आधारे असे दाखवले होते की, कमी वजनाने जन्मलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक असते; गर्भावस्थेतील कुपोषणाला जुळवून घेताना शरीराची घडणच कायमची बदलते, असा त्यांचा सिद्धांत होता. मात्र त्या नोंदींत बाळांची वजने होती, त्यांच्या माता काय खात होत्या हे नव्हते. पुण्याच्या अभ्यासाने नेमकी हीच उणीव भरून काढली. त्यासाठी दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीच करण्यात आली आणि कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख टिपत राहिल्या, त्यामुळे दिवस राहिल्याचा काळ अचूक कळू शकला. निष्कर्षांची चर्चा पुष्कळ होते, पण ज्या चिकाटीवर ते उभे आहेत ती या घरोघरच्या फेऱ्यांची आहे, हे विसरता कामा नये.

या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. गरोदरपणात त्यांच्या पोटात दिवसाला साधारण १८०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात होती. एवढ्या अपुऱ्या आहारात कॅलरी आणि प्रथिने यांवरच बाळाची वाढ अवलंबून असेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात मात्र बाळाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्या सेवनाचा, म्हणजेच अल्प प्रमाणात लागणाऱ्या जीवनसत्त्वांचा आणि खनिजांचा, ज्यांना सूक्ष्मपोषके म्हणतात. शेतीची आणि पाणी वाहण्याची जड कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे तुलनेने लहान होती, ही नोंदही तितकीच महत्त्वाची आहे, कारण गरोदर स्त्रीचे पोषण तिच्या ताटाइतकेच तिच्या डोक्यावरच्या हंड्यावरही ठरते.

बाळे जन्मल्यावर त्यांचे केवळ वजन करून न थांबता डोके, पोट आणि दंड यांचे घेर मोजण्यात आले, तसेच खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेची घडी कॅलिपर या चिमट्यासारख्या उपकरणाने धरून त्वचेखालील चरबीचा अंदाज घेण्यात आला. तुलनेसाठी घेतलेल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, तर पुण्याच्या बाळांचे २.७ किलो होते. परंतु ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ बरीच खुंटली होती, चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला हडकुळे, पण चरबीचे प्रमाण अधिक, असे हे शरीर ‘थिन-फॅट’ म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. नाळेतील रक्ताच्या तपासणीतही इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांत इन्सुलिनचे प्रमाण अधिक आढळले, आणि वजनाच्या मानाने लेप्टिनचेही. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूला पोहोचवून भुकेचे नियमन करणारे संप्रेरक आहे.

हेच वास्तव प्रौढांत कसे दिसते, हे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची मापे देऊन मांडले: उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा बीएमआय दोघांचाही २२.३ असताना शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

पुढचा धागा ब-१२ या जीवनसत्त्वाचा आहे. ते केवळ सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाला ते मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी आणि दूधही बेताचेच असलेल्या आहारात त्याची उणीव सहज निर्माण होते. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ते कमी होते, पण फोलेट या दुसऱ्या ब जीवनसत्त्वाची कमतरता केवळ एकीत आढळली. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्या मुलांत इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. निरीक्षणातून दिसलेला संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. तरीही गरोदर स्त्रीला फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीच्या रूपातील फोलेट, देताना ब-१२ चा विचार न करणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यातून गांभीर्याने पुढे आला.

अठराव्या वर्षीच्या तपासणीने या साऱ्याची निकड स्पष्ट केली: बहुतांशी सडपातळ असलेल्या या तरुणांपैकी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्यात रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले होते आणि त्याची चिन्हे बालपणीच्या मोजमापांतही दिसत होती. कुपोषण आणि मधुमेह यांसाठी स्वतंत्र विभाग, स्वतंत्र कार्यक्रम आखणाऱ्या आरोग्यव्यवस्थेला हे निष्कर्ष अडचणीचे वाटतील, पण एकाच देहात दोन्ही नांदतात हे त्यांनी दाखवून दिले आहे.

ब-१२ विषयीच्या निष्कर्षांमुळेच २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी याच मुलामुलींवर, त्यांच्या किशोरवयात, सुरू झाली. काहींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके, तर काहींना परिणामशून्य गोळी देण्यात आली आणि मुली आई होईपर्यंत त्यांचा मागोवा घेण्यात आला. केवळ ब-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांची आकलनशक्ती आणि भाषा दोन ते साडेतीन वर्षांच्या वयात परिणामशून्य गोळी घेतलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरस आढळली.