आहारातील प्रथिने आणि मुलांचे ऊर्जाग्रहण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
लातूर हे तूर व सोयाबीनच्या व्यापाराचे आणि डाळमिलचे महत्त्वाचे केंद्र आहे. नांदेड जिल्ह्यातही खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा असतो. त्याचबरोबर ही दोन्ही शहरे शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असून 'लातूर पॅटर्न'च्या आकर्षणाने गावोगावची किशोरवयीन मुले-मुली येथील वसतिगृहांत व खाणावळींत जेवतात. त्यांच्या ताटातील प्रथिनांचा त्यांच्या एकूण खाण्यावर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
डेव्हिड राउबेनहायमर व स्टीफन सिम्पसन यांनी २००५ मध्ये असे प्रतिपादन केले की, मानवी भूक ऊर्जेपेक्षा प्रथिनांच्या ठरावीक मात्रेकडे अधिक काटेकोर लक्ष देते. अन्नात प्रथिने विरळ असल्यास ती मात्रा पूर्ण होईपर्यंत मनुष्य खात राहतो व ओघाने अधिक ऊर्जा घेतो. यास 'प्रथिन-तरफ' असे म्हणता येईल.

समजा, एका किशोराची भूक ७५ ग्रॅम प्रथिनांनी शमते. १ ग्रॅम प्रथिनापासून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे प्रथिनांची ऊर्जा ३०० किलोकॅलरी झाली. एकूण ऊर्जेत प्रथिनांचा वाटा १५ टक्के असल्यास त्यास २,००० किलोकॅलरी पुरतील. १२ टक्के असल्यास २,५००, तर १० टक्के असल्यास ३,००० किलोकॅलरी लागतील. हा वाटा तूरडाळीत सुमारे २७, ज्वारीत १२ आणि पॉलिश केलेल्या तांदळात ८ टक्के असतो. गोड पेयांत तो जवळजवळ शून्य असतो. लठ्ठ मुलांच्या आहारनोंदींवरून सिडनी येथे २०२० मध्ये झालेल्या अभ्यासातही प्रथिनांचा वाटा कमी असता ऊर्जाग्रहण अधिक असल्याचे आढळले.

दुसरी बाजू :
ज्येष्ठ मराठी संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी मात्र भारतीय कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या नव्हे, तर एकूण अन्नाच्या उणिवेत असल्याचे आग्रहाने मांडले होते. पोट अपुरे भरल्यास शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास २,८६० किलोकॅलरी व ४५ ग्रॅम प्रथिने, तर मुलीस २,४०० किलोकॅलरी व ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे आवश्यक वाटा अवघा सहा-सात टक्के आहे. पोटभर ज्वारी-वरण खाणाऱ्यास तो सहज मिळतो.

या दोन मतांत विरोध नाही. तरफ कार्य करण्यासाठी हवे तेवढे अन्न समोर असावे लागते. ऊसतोड कामगाराच्या मुलास अधिक खाण्याची सोयच नसते. शहरातील विद्यार्थ्यास मात्र वडापाव, वेफर्स व बिस्किटे पावलोपावली मिळतात. एकाच परिसरात एक मूल कृश राहते व दुसरे स्थूल होते, याचे एक कारण येथे सापडते.

मर्यादा :
'जितकी प्रथिने अधिक तितके बरे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. युरोपातील पाच देशांतील चाचणीत अधिक प्रथिनयुक्त दूधपावडरीवर वाढलेल्या अर्भकांचे वजन पुढे तुलनेने अधिक आढळले. शिवाय प्रथिनांचा दर्जाही महत्त्वाचा असतो. ज्वारीत लायसीन कमी असते. ती उणीव तूर वा सोयाबीन भरून काढते. सोयाबीन मात्र नीट शिजवूनच खावे लागते, कारण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात.

समारोप :
शालेय पोषण आहारात प्राथमिक स्तरासाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम, तर उच्च प्राथमिकसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे निकष आहेत. म्हणजे प्रथिनांचा वाटा सुमारे ११ टक्के राखला जातो. आठवीनंतर हे छत्र संपते. अकरावी-बारावीचा विद्यार्थी खाणावळीच्या मर्जीवर राहतो आणि डाळ महागली की प्रथम वरण पातळ होते. भाताने पोट भरते, परंतु थोड्याच वेळात पाय टपरीकडे वळतात. यास्तव महाविद्यालयांनी वसतिगृहाच्या भोजनाची तपासणी करताना पोळ्यांच्या संख्येबरोबर प्रतिविद्यार्थी कोरड्या डाळीचे वजनही नोंदवावे. उसळ, शेंगदाणे, ताक, तसेच चालत असल्यास अंडी यांचा नियमित समावेश करावा. डाळीच्या बाजारपेठेत शिकणाऱ्या मुलांच्या ताटात घट्ट वरण असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.